काठावरचा दगड

जेझेरो हे मंगळाच्या उत्तर गोलार्धातले ४५ किलोमीटर व्यासाचे आघात विवर आहे. नंदुरबार शहर मध्यावर धरून नकाशावर तेवढे वर्तुळ काढले, तर त्याचा उत्तर काठ तापी ओलांडून तळोद्याच्या वेशीपाशी टेकतो. या विवरात एके काळी तळे होते. पश्चिमेचा काठ फोडून एक नदी त्यात उतरत असे, आणि तिने आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या छायाचित्रांत आजही स्पष्ट दिसतो. ‘जेझेरो’ या शब्दाचा अर्थच अनेक स्लाव्ह भाषांत ‘तळे’ असा आहे. विवराला हे नाव मात्र बोस्नियातल्या त्याच नावाच्या गावावरून मिळाले. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावे द्यायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याच संकेताने तिथल्या उत्तर ध्रुवाकडच्या एका विवराला लोणारचे नाव मिळाले आहे.

नासाचा पर्सिव्हरन्स हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरोत उतरला. उतरण्याची जागा साधारण १८.४४ अंश उत्तर, ७७.४५ अंश पूर्व. हेच आकडे पृथ्वीच्या नकाशावर लावले तर बोट उदगीर आणि देगलूर यांच्या आसपास येते. या योगायोगाला शास्त्रीय अर्थ काही नाही, कारण मंगळावरचे शून्य रेखांश माणसानेच एका लहानशा विवरातून ओढलेले आहे. जागा लक्षात ठेवायला मराठी वाचकाला तो सोयीचा आहे, इतकेच.

पहिली साडेतीन वर्षे रोव्हर विवराच्या तळावर आणि त्रिभुज प्रदेशात राहिला. मोठ्या बातम्या झाल्या त्या तिथल्याच: इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरची ७२ उड्डाणे, आणि जुलै २०२४ मध्ये ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या शिळेवर दिसलेले बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके. हे ठिपके प्राचीन सूक्ष्मजीवांनी केले असण्याची शक्यता शास्त्रज्ञांना नाकारता आलेली नाही, आणि सिद्धही करता आलेली नाही. या गाजावाजात १९ ऑगस्ट २०२४ ही तारीख मागे पडली. त्या दिवशी रोव्हर काठाकडे चढायला निघाला. भूशास्त्राच्या दृष्टीने मोहिमेतले सर्वांत जुने पान तिथून पुढे उघडते. तळ्यातला गाळ साडेतीनशे कोटी वर्षांच्या घरातला आहे, तर काठावर जे खडक शोधायचे होते ते विवर होण्याच्याही आधीचे, म्हणजे ३९० कोटी वर्षे मागे जाणारे आहेत.

इतका जुना दगड विवराच्या तळात न सापडता काठावर कसा सापडतो, हे समजण्यासाठी मंगळावर जाण्याआधी नंदुरबार जिल्ह्यात फिरून येणे बरे. जमिनीखाली खोलवर काय आहे ते पाहण्याचे मार्ग मोजके असतात. त्यांतले दोन इथे एका दिवसात पाहता येतात.

पहिला मार्ग पाण्याचा. शहाद्याहून तोरणमाळला जाताना रस्ता सातपुड्यात शिरतो आणि सातपायरी घाटाने वर चढतो. घाटाच्या कापलेल्या बाजूंत लाव्हाच्या प्रवाहांचे थर एकावर एक दिसतात. प्रत्येक प्रवाहाचा गाभा काळा, घट्ट, टणक. वरचा भाग फुसका, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पुढे त्या छिद्रांत पांढरे खनिज भरलेला. विहीर खणणारे याच दगडाला मांजऱ्या म्हणतात. त्यावर मुरूम, कुठे कुठे दोन प्रवाहांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार असे थराथराने रचले गेले. नंतर नद्यांनी आणि ओढ्यांनी ते कापले, म्हणून आज घाट चढणारा माणूस खालच्या जुन्या प्रवाहाकडून वरच्या नव्याकडे जातो. उतरताना काळ उलटा फिरतो. भूशास्त्राचा हा पहिला नियम: थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा आधीचा.

दुसरा मार्ग लाव्हाचाच. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत मैलोन्‌मैल सरळ धावणाऱ्या काळ्या दगडाच्या अरुंद टेकड्या दिसतात. लांबून कुणी बांधलेल्या तटासारख्या. भूशास्त्रात त्यांना भित्ती किंवा डाइक म्हणतात. खालून दाबाने वर आलेला शिलारस आधीच्या थरांत उभी चीर पाडून घुसला आणि तिथेच थिजला, त्या या भिंती. आजूबाजूचा कुजका मांजऱ्या झिजून गेला, टणक भिंत उरली. मुंबईच्या आयआयटीतले रंजिनी राय, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मल्लिक यांनी २००७ मध्ये या भित्तींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरच्या टापूत एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती त्यांनी नोंदल्या. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत, सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि सरासरी दिशा ८८ अंश, म्हणजे जवळपास थेट पूर्व-पश्चिम. भिंत पूर्व-पश्चिम उभी राहिली याचा अर्थ त्या काळी इथले कवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते. कापड फाटते ते ताणाच्या दिशेला काटकोनात, तसेच हे.

खानदेशातल्या शेतकऱ्याला भित्ती माहीत असते ती वेगळ्या कारणाने. भूजल वाहण्याच्या वाटेत घट्ट भिंत आडवी आली की पाणी तिच्या एका अंगाला अडते आणि दुसऱ्या अंगाची विहीर लवकर आटते. भिंत भेगाळलेली असेल तर उलट तिच्यातच पाणी सापडते. दगड वाचता येणे हा इथे केवळ पुस्तकी विषय नाही.

मंगळावर हे दोन्ही मार्ग जवळपास बंद आहेत. तिथे गेली तीनशे कोटी वर्षे डोंगर कापणारा पाऊस पडलेला नाही, आणि कवचाचे तुकडे सरकून पर्वत उचलले जाण्याची पृथ्वीवरची क्रियाही तिथे दिसत नाही. जुने ते जागेवरच गाडलेले राहते. उरतो तिसरा मार्ग, आघाताचा. त्याचे मराठी मुलखातले उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८३ किलोमीटर व्यासाचे आहे आणि काठापासून तळ्याच्या पाण्यापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. जुन्या कथेत ते लवणासुराच्या वधाची जागा, आणि काठावरच्या गावात दैत्यसूदनाचे देऊळ त्याची साक्ष देते. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे तोंड आहे असाच समज होता. सगळा मुलूखच लाव्हाचा असल्यावर वेगळे काही सुचणे अवघडच होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी हा वाद मिटवला. पुरावा होता मॅस्केलिनाइट नावाच्या काचेचा. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावर लाखो वातावरणांचा दाब क्षणार्धात आला, तर त्याचा स्फटिक वितळण्याआधीच मोडतो आणि जागच्या जागी काच होते. असा दाब कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. उल्का देते.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखला गेला तो १८७२ मध्ये, बिहारमधल्या शेरघाटी इथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या एका अशनीत. तो अशनी मंगळावरून आलेला आहे हे कळायला आणखी शंभरेक वर्षे लागली. मंगळावर एखादी उल्का इतक्या जोरात आदळली की तिथल्या बेसाल्टचे तुकडे ग्रहाचे गुरुत्व तोडून निघाले, आणि त्यांतला एक बिहारच्या मातीत येऊन पडला. लोणारचा दगड आणि शेरघाटीचा दगड यांना एकाच प्रकारच्या मारानंतर एकाच प्रकारची काच लाभली. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्टमध्ये झालेले, बऱ्यापैकी टिकलेले आघात विवर पृथ्वीवर क्वचितच सापडते. म्हणूनच चंद्र आणि मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात.

लोणारच्या काठावर उभे राहून पाहिले की तिसरा मार्ग समजतो. काठ आसपासच्या शेतजमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे, आणि तिथले लाव्हाचे थर सपाट राहिलेले नाहीत. ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आघाताने जमीन नुसती खणली नाही, कडेचे थर मुडपून वर उचलले. पोळी तव्यावर फुगून कडेला दुमडावी तसे काठाचे काही थर उलटे झाले, आणि जो दगड सर्वांत खाली होता त्याचे तुकडे बाहेर फेकलेल्या ढिगात सर्वांत वर येऊन पडले. तोरणमाळच्या घाटात शिकलेला ‘खालचा आधीचा’ हा नियम इथे उलटतो. विवराचा काठ हा आयता उपसलेला खाणीचा ढीग असतो. शेकडो मीटर खोदायला न लागता खोलीतला दगड हाताला येतो, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो.

जेझेरोच्या काठावर हा पत्ता दोनदा हरवला आहे. जेझेरो स्वतः इसिडिस नावाच्या त्याहून कितीतरी मोठ्या आघात खोऱ्याच्या पश्चिम कडेवर आहे. आधी इसिडिसने मंगळाचे कवच उपसले, मग त्याच उपसलेल्या मालावर जेझेरोचा घाव पडला. त्यामुळे इथल्या एकाच उतारावर अगदी वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या जन्माचे दगड शेजारी शेजारी असू शकतात.

मंगळावरच्या मोठ्या विवराच्या काठावर काम करणारा पर्सिव्हरन्स हा पहिला रोव्हर नव्हे. ऑपॉर्च्युनिटी २०११ च्या ऑगस्टमध्ये २२ किलोमीटर व्यासाच्या एन्डेव्हर विवराच्या काठावर पोचला. तिथे त्याला जिप्समची शिरा सापडली, चिकणमातीची खनिजे असलेले जुने खडक सापडले, आणि २४ मार्च २०१५ रोजी त्याच्या चाकांनी मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. जवळच्या खोऱ्याचे नाव त्यावरून ‘मॅरेथॉन व्हॅली’ पडले. तीन महिन्यांच्या कामासाठी पाठवलेल्या या यंत्राशी शेवटचा संपर्क १० जून २०१८ रोजी झाला. धुळीच्या वादळाने त्याच्या सौरपट्ट्या झाकल्या. योगायोग असा, की तो थांबला त्या उताराचे नाव पर्सिव्हरन्स व्हॅली.

पर्सिव्हरन्सला सौरपट्ट्या नाहीत. तीन मीटर लांबीचे आणि १,०२५ किलो वजनाचे हे यंत्र ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइडच्या उष्णतेवर चालते. सुरुवातीला त्यातून मिळत होती ती वीज ११० वॉट, म्हणजे घरातल्या दोन पंख्यांएवढी. सपाट टणक जमिनीवरही त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी दीडशे मीटरच्या आसपास, बैलगाडीपेक्षा कितीतरी कमी. संदेश एका बाजूने पोचायलाच ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात, त्यामुळे पृथ्वीवरून कुणी त्याला हाताळत नाही. दिवसाचे काम आधी लिहून पाठवायचे, आणि रोव्हरने स्वतःच्या कॅमेऱ्यांनी दगडधोंडे पाहत ते पार पाडायचे.

काठाची चढण उभी उंची मोजली तर सुमारे ५०० मीटरची होती. शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळला जाताना जितके चढावे लागते, त्याच्या निम्मी. पण त्यासाठी साडेतीन महिने लागले. उतार काही ठिकाणी २० टक्के होता, आणि उतारापेक्षा मातीने जास्त छळले: वर ठिसूळ पापुद्रा, खाली मऊ धूळ आणि वाळू. चाके फिरत, रोव्हर जागेवर घसरत राही. चालकांनी उलटे चालवून पाहिले, नागमोडी चढवून पाहिले, शेवटी वाटेच्या उत्तर कडेने नेले. तिथे मोठे दगड पृष्ठभागाजवळ होते आणि चाकांना पकड मिळाली. घाटात ट्रक चालवणाऱ्याला हा उपाय नवा वाटणार नाही. डिसेंबर २०२४ च्या मध्याला रोव्हर ‘लुकआउट हिल’ या काठावरच्या माथ्यावर पोचला.

माथ्यापलीकडे विवराच्या बाहेरच्या बाजूला ‘विच हेझल हिल’ हा सुमारे १३५ मीटर उंचीचा उतार आहे, आणि मोहिमेतले सर्वांत दाट काम इथे झाले. काठावरच्या पहिल्या चार महिन्यांत रोव्हरने पाच खडकांचे नमुने कापले, सात खडक घासून बारकाईने तपासले आणि आणखी ८३ लक्ष्यांवर दुरून लेसर मारून त्यांची रचना पाहिली. उतरल्यापासून इतक्या झपाट्याने त्याने कधीच काम केले नव्हते. घासणे म्हणजे रोव्हरच्या हातावरच्या यंत्राने दगडावर पाचेक सेंटिमीटर व्यासाचा गोल खरवडून, वरची धूळ आणि कुजलेली साल काढून आतला ताजा दगड उघडा करणे. क्षेत्रभेटीत भूशास्त्राचा विद्यार्थी हातोड्याच्या एका घावात जे करतो, त्याला इथे एक अख्खा दिवस जातो.

२८ जानेवारी २०२५ रोजी घेतलेल्या ‘सिल्व्हर माउंटन’ या नमुन्यात पायरॉक्सीन खनिज भरपूर आहे. मंगळाच्या अगदी आरंभीच्या युगातला, किमान ३९० कोटी वर्षांपूर्वीचा तो असावा असे शास्त्रज्ञ मानतात. याच परिसरात सर्पेन्टाइन असलेला दगड सापडला. मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असलेल्या खोलीतल्या खडकाला पाणी लागले की सर्पेन्टाइन बनते, आणि त्या क्रियेत कधी कधी हायड्रोजन वायू सुटतो. पृथ्वीवर असा हायड्रोजन काही सूक्ष्मजीवांचे अन्न आहे. त्रिभुज प्रदेशातल्या ठिपक्यांइतकी या दगडाची बातमी झाली नाही. खरे तर तोही तितकाच विचारात घेण्यासारखा आहे.

मार्चमध्ये ‘सेंट पॉल्स बे’ नावाच्या दगडावर शेकडो गोळ्या दिसल्या. गडद करड्या, मिलिमीटरभर व्यासाच्या, काही फुटून अर्ध्या झालेल्या, काहींना टाचणीने टोचावे तशी भोके. अशा गोळ्या तीन प्रकारे होऊ शकतात: दगडातून झिरपणाऱ्या पाण्यातले खनिज एका कणाभोवती साचून, ज्वालामुखीतून उडालेल्या लाव्हाचे थेंब थिजून, किंवा आघाताने उडालेले वितळलेले दगड हवेत थिजून. लोणारच्या बाहेर फेकलेल्या मालात तिसऱ्या प्रकारच्या गोळ्या सापडतात, आणि लोणारवर आदळलेल्या उल्केचा रासायनिक माग काढायला त्यांचाच उपयोग झाला. मंगळावरची गोळी त्यांतली कोणती, हे दगड मूळ कोणत्या थराचा ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. काठावरचा पत्ता हरवतो तो असा.

२०२५ च्या मे महिन्यापासून रोव्हर काठाच्या पायथ्याशी ‘क्रोकोडिलेन’ या सुमारे ३० हेक्टरच्या भागात काम करू लागला. काठाचे जुने खडक आणि पलीकडचे मैदान यांच्या सीमेवरचा हा भाग, आणि इथे चिकणमातीची खनिजे अपेक्षित होती. चिकणमाती व्हायला पाणी दीर्घकाळ दगडाशी राहावे लागते, आणि गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थाला ती टिकवून धरते. १९ जून रोजी सपाट वाट मिळताच रोव्हरने एका दिवसात ४११ मीटर अंतर कापले, तो विक्रम ठरला. त्याच वर्षी त्याला ८० सेंटिमीटर रुंदीची, लोह आणि निकेलने समृद्ध शिळा सापडली. ती बहुधा अवकाशातून पडलेला अशनी आहे. लोणारला जिचा रासायनिक माग तेवढा उरला, तशी आगंतुक वस्तू मंगळावर उघड्यावर पडलेली असते.

काठापलीकडच्या मुलखात, जेझेरोच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, एकमेकींना छेदणाऱ्या अरुंद सरळ कडांची जाळी पसरलेली आहेत. कक्षेतून पाहिल्या की त्या नंदुरबारच्या भित्तींची आठवण करून देतात. त्या शिलारसाने भरलेल्या भेगा आहेत, की भेगांतून वाहिलेल्या पाण्याने साठवलेल्या खनिजांच्या घट्ट शिरा, यावर मतभेद आहेत. पहिले खरे असेल तर ती ज्वालामुखीची खूण, दुसरे असेल तर जमिनीखालच्या पाण्याची. चित्रावरून निकाल लागत नाही. नंदुरबारच्या भित्तींच्या बाबतीत अभ्यासकांनी रस्त्याच्या कडेला उतरून कडेचा दगड आणि मधला दगड वेगवेगळा फोडून पाहिला. कडेचा दगड लवकर थंड झाल्याने बारीक कणांचा असतो, मधला जाड कणांचा. तेवढ्याने शिलारस ओळखता येतो. मंगळावर त्यासाठी कुणी तरी तिथवर चालत गेले पाहिजे, आणि ते कुणी म्हणजे सध्या रोव्हरच.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र माणसे अशा दगडावर स्वतःच चालत जातात. दरवर्षी धनत्रयोदशीच्या सुमारास अक्राणी तालुक्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर हजारो भाविक रात्री चढतात. कथा अशी, की डोक्याची जखम भरत नसलेला अश्वत्थामा तिथे तेल मागत फिरतो. १,३०० मीटरहून उंच असा तो डोंगर लाव्हाच्या थरांनीच बनलेला आहे, आणि यात्रेकरू मशालीच्या उजेडात त्या थरांच्या पायऱ्या एकेक करून चढत असतात.

जेझेरोच्या काठावरून कापलेले नमुने रोव्हरच्या पोटात नळ्यांत आहेत. प्रत्येक नमुना जेमतेम १३ मिलिमीटर जाड, बोटाएवढ्या लांबीचा. रोव्हर एकूण ४३ नळ्या घेऊन गेला होता, त्यांतल्या १० नमुन्यांच्या नळ्या जानेवारी २०२३ अखेर विवराच्या तळावर ‘थ्री फोर्क्स’ या जागी राखीव म्हणून जमिनीवर ठेवल्या. बाकीच्या त्याच्याबरोबर फिरतात. त्या पृथ्वीवर आणण्याच्या मोहिमेचा खर्च १,१०० कोटी डॉलरपर्यंत आणि परतीचे वर्ष २०४० पर्यंत जाईल असा अंदाज आल्यावर नासाच्या प्रमुखांनीच एप्रिल २०२४ मध्ये तो आराखडा परवडणारा नाही असे सांगितले. मंगळाचा दगड हाती घेऊन तपासायचा, तर आजही अशनी म्हणून आपणहून आलेल्या दगडांवरच भागवावे लागते, आणि शेरघाटीचा दगड त्यांतला एक आहे.